कळकलेलं ताक

आमच्या शाळेत एका खोलीवर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी आहे आणि आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. कोपऱ्यात एक कपाट आहे. त्यातल्या बाटल्यांची लेबलं उंदरांनी खाल्ली आहेत, त्यामुळे कुठल्या बाटलीत आम्ल आणि कुठल्या बाटलीत नुसतं पाणी, हे देवालाच ठाऊक. बदली होऊन वेल्ह्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी यावरून मुख्याध्यापकांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, पोती तुमच्या घरी ठेवू का?” मी पाय आपटत वर्गात आले आणि नववीच्या मुलांना सांगून टाकलं, “आजपासून तुमचं स्वयंपाकघर हीच आपली प्रयोगशाळा.”

राग मला लवकर येतो. रागाच्या भरात घेतलेले माझे निर्णय बरेचदा चांगले निघतात, असा माझा तेव्हा समज होता.

गृहप्रयोगांचा कागद मी स्वतः तयार केला आणि बाजारात झेरॉक्स काढून वर्गात वाटला. प्रयोगवहीत असतात तेच मथळे घेतले: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सहावा मथळा असतो दक्षता, म्हणजे प्रयोग करताना काय सांभाळायचं ते. तो पानावर बसेना. मागची बाजू मला मुलांच्या निरीक्षणांसाठी कोरी हवी होती. मग मी दक्षता काढून टाकली. हळद, लिंबू, जास्वंद, राख, अंड्याचं टरफल. पोरं रोज ज्यात वावरतात त्यात कसली आलीय दक्षता, असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

पहिले पाच प्रयोग असे झाले की मी हवेत होते. चुलीतल्या राखेच्या पाण्यानं जास्वंदीचा रंग हिरवा होतो हे पोरांनी आपापल्या घरी पाहिलं. एकानं अंडं लिंबाच्या रसात दोन दिवस ठेवलं आणि टरफल गेलेलं मऊ अंडं डब्यातून वर्गात आणताना बसमध्ये फोडलं. वर्गभर वास सुटला, पण आम्ल आणि चुना यांची गाठ पडली की काय होतं हे त्या वर्गातलं एकही पोर आता विसरणार नाही. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, “मॅडमचं बरं आहे. उंटावरून शेळ्या हाकतात आणि प्रयोग होतात.” मी हसून सोडून दिलं. मनात म्हटलं, तुम्हाला तर शेळ्याही हाकता येत नाहीत.

सहावा प्रयोग आम्ल आणि धातूंचा होता. ताक तीन भांड्यांत ठेवायचं: एक स्टीलचं, एक अॅल्युमिनियमचं, एक पितळेचं. सकाळी रंग पाहायचा, वास पाहायचा, लिहायचं. पितळेच्या पुढे मी कंसात मुद्दाम छापलं होतं, ‘कल्हई नसलेलं’. कल्हईचा पांढरा थर आतून असला तर पितळ झाकलं जातं आणि ताकाला ते लागतच नाही. मग मुलांना दिसणार काय? मला चांगला ठळक निकाल हवा होता.

तो मला मिळाला.

जुलै महिना होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला सगळीकडे भाताची लावणी चालू होती आणि वर्गात निम्मीच पोरं होती. पहिल्याच तासाला मी वह्या तपासायला घेतल्या. सगळ्यांत आधी टेबलाशी आली ती खिंडीपलीकडच्या पासली गावची मुलगी.

ही मुलगी मला आवडायची, आणि तिचा मला वैतागही यायचा. तिला प्रत्येक गोष्टीचं माप लागायचं. मी चिमूटभर म्हटलं की ही उभी, “मॅडम, चिमूट कुनाची? माजी का पप्पांची?” सगळा वर्ग हसायचा आणि ती मात्र उत्तराची वाट पाहत तशीच उभी. तिची थोरली बहीण आठवीनंतर घरी बसली होती. हिला एसटीनं वेल्ह्याला धाडायला वडील तयार झाले होते ते भावकीतल्या चौघांचं ऐकून न घेता. “दहावीपातूर बघू,” एवढंच ते म्हणाले होते. हे तिनंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना दहावीला किती दिवस उरलेत तेही सांगितलं होतं.

त्या दिवशी तिनं वही उघडून समोर धरली. स्टील: बदल नाही. अॅल्युमिनियम: थोडा काळपट. पितळ: कडेनं हिरवं-निळं वर्तुळ, वास वेगळा. पितळेच्या खाली तिनं खडूनं त्या रंगाचा ठिपकासुद्धा काढला होता.

“शाब्बास,” मी म्हणाले. “पितळेची वाटी कुठं मिळाली?”

“वाटी न्हाई मिळाली. माळ्यावर तपेलं हुतं, मोठं. आजीच्या येळचं.”

“तपेल्यात वाटीभर ताक?”

“वाटीभरानं तळ झाकंना, मॅडम. मग म्या दोन तांबे वतलं.”

मी हसले. अगदी तिच्यासारखंच केलं होतं तिनं. मग नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, “आणि नंतर ओतून दिलंस ना ते?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरचं दावणीचं जनावर सोडून दिलंस ना असं विचारलं होतं. “वतून? ताक? न्हाई मॅडम. आज आमच्याकडं सावड हाये. काकू कडी करनार हाये त्याची.”

सावड म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. लावणीला मजूर मिळत नाहीत आणि परवडतही नाहीत, म्हणून दहा-पंधरा घरं एकमेकांची शेतं पाळीपाळीनं लावतात. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. ज्याची पाळी त्यानं सगळ्यांना दुपारचं जेवण घालायचं, एवढीच रीत. त्या जेवणावर त्या घराची वर्षभराची पत ठरते. भाकरी, कढी, भात, तोंडी लावायला काहीतरी. आणि त्या दिवशी पाळी हिच्या घरची होती.

माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. 

“काकूला सांगितलं नाहीस का, ते प्रयोगाचं आहे म्हणून?”

“राती सांगितलं हुतं, हलवू नको, मला बघायचंय. सकाळी बगून झालं, म्हनलं आता माजं झालं.” ती थांबली. माझा चेहरा तिला दिसला असणार. “मॅडम, काय झालं?”

जे झालं होतं ते सोपं होतं आणि तेच मी तिला शिकवणार होते. ताकातलं आम्ल पितळेतलं तांबं खातं. तो हिरवा-निळा रंग त्या तांब्याचा. चमचाभर पोटात गेलं तर मळमळतं. पण दोन तांबे ताक घातलेली कढी पंधरा माणसं ओरपणार, दिवसभर चिखलात उभी राहिलेली, भुकेली. आणि कढीत हळद पडली की हिरवा रंग दिसतो कुठं? हळदीचे सगळे गुण मी पाच आठवडे शिकवत होते. हा एक गुण माझ्या कागदावर नव्हता.

तिच्या वडिलांचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. खाचरांकडे रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. काकूचा नंबर तिला पाठ होता. तो वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुढची एसटी दोनला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. जेवणाची पाटी एकला खाचरावर पोचते असं ती म्हणाली.

मुख्याध्यापकांना मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. स्कूटीची किल्ली काढली आणि पोरीला मागं बसवलं. दप्तर काढून ठेवायलाही ती विसरली होती.

वेल्ह्याहून पासलीचा रस्ता मी एरवी डोळे मिटून सांगेन. त्या दिवशी डोळे उघडे ठेवून दिसत नव्हता. खिंडीच्या चढाला ढग रस्त्यावर उतरले होते. वळणावर म्हशी. एका ठिकाणी दरडीची माती खाली आली होती, त्यातून स्कूटी दोघींनी ढकलली. माझी चप्पल चिखलात गेली ती मी काढलीच नाही. मागून ती एकच प्रश्न विचारत होती, वाऱ्यावर, कानाशी. “मॅडम, किती खाल्लं तर मानूस मरतं?” तिला नेहमीप्रमाणे माप हवं होतं. मी ओरडले, “गप्प बस!” कारण मला माप माहीत नव्हतं. उलटी होते, पोटात कळा येतात, हे माहीत होतं. म्हाताऱ्या माणसाचं काय, पोटुशी बाई असली तर काय, हे मी कधी वाचलंच नव्हतं. मी पंचवीस वर्षं रसायन शिकवते आहे.

घर गाठलं तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. ओट्यावर काकू बसली होती, डोकं गुडघ्यावर. गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली, पुण्याच्या बाजूची, स्टीलच्या भांड्यांत वाढलेली पोर. पायरीखाली ओकारी पडली होती आणि पावसानं ती अजून धुऊन नेली नव्हती. त्यात हिरवट झाक होती.

“कडी चाखली हुती,” ती म्हणाली. “मग वाटीभर पेले. म्हनलं खाचरावर जायाला न्हाई मिळायचं, हितंच खावं. उपाशी हुते म्हनून असंल का ओ?”

“पाटी कुठं आहे?”

“ताई घिऊन गेल्या. आत्ताच.”

ताई म्हणजे पोरीची आई, काकूची मोठी जाऊ. ती पहाटेपासून खाचरावर होती. फक्त पाटी न्यायला घरी आली, झाकलेली भांडी डोक्यावर घेतली आणि गेली. तिनं एकदाही झाकण काढलं नव्हतं. घरीच झाकण काढून चव पाहिली असती तर माझ्यावर हे लिहायची वेळच आली नसती.

आम्ही बांधावरून पळालो. पळालो म्हणजे ती पळाली आणि मी घसरत, धडपडत मागं. चार खाचरं ओलांडल्यावर माणसं दिसली. बांधाच्या रुंद भागावर प्लास्टिकचा कागद ताणून त्याखाली सगळी पंगतीला बसली होती, चिखलाचे पाय पुढे पसरून. आई वाकून वाढत होती. एका म्हाताऱ्यानं ताटली तोंडाला लावली होती.

“थांबा!” मी ओरडले. “कढी खाऊ नका! विष आहे त्यात!”

हा शब्द माझ्याच तोंडून गेला. दुसरा सापडला नाही असं नाही; मी शोधलाच नाही. कुणाच्या घरच्या पंगतीत उभं राहून त्या घरच्या अन्नाला विष म्हणायचं, याचा अर्थ तिथल्या माणसांना काय लागतो हे मला कळायला हवं होतं. मीही भोरच्या भोंगवलीची, शेतकऱ्याच्याच घरची. पण तेव्हा मी बाई होते, विज्ञानाची, आणि घाबरलेली होते.

ताटल्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. एका बाईनं घशात बोट घातलं. म्हाताऱ्यानं ताटली खाली घेतली, ती रिकामी होती. मग सगळ्यांचे डोळे फिरले ते हातात ओगराळं घेऊन उभ्या राहिलेल्या त्या आईकडे. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

“काय म्हनता मॅडम?” ती म्हणाली. “माज्या घरचं अन्न हाये ते.”

आणि मग मी ते केलं. ते मला आजही झोपू देत नाही. माझा श्वास लागला होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी पोरीकडे बोट करून म्हणाले, “हिनं रात्रभर पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं होतं. त्याचीच कढी झालीय.”

यातला एकही शब्द खोटा नाही. आणि इतकं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानंच बोट दाखवलं होतं.

वडील खाचरातून वर आले. पोटऱ्यांपर्यंत चिखल. मला वाटलं आता हात उचलतील. उचलला असता तर मी मध्ये पडले असते, मला सोपं गेलं असतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग पंगतीकडे, मग पुन्हा पोरीकडे. आवाज अगदी हळू होता.

“उद्यापास्नं दप्तर ठिवून दे.”

ती दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. त्या दप्तरात माझा कागद होता. त्यावर छापलेलं होतं, पितळेचं, कल्हई नसलेलं, रात्रभर. तिनं चेन उघडून तो कागद काढला असता तर एका क्षणात सगळ्यांचे डोळे माझ्याकडे फिरले असते. तिला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या पोरीला सगळं कळायचं. तिनं चेनला हात लावला नाही. आणि मीही गप्प राहिले.

किती वेळ, ते तिनंच मोजलं असेल. म्हाताऱ्याला पहिली उलटी झाली तोपर्यंत.

मग गडबड उडाली. कढी तिघांनी घेतली होती: म्हातारबा, एक बाई आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा. रोपांच्या मुठी टाकायला आणलेला टेम्पो रस्त्यावर उभा होता. त्यात तिघांना बसवलं, घरून काकूला घेतलं. म्हातारबा मध्येच डोळे मिटायचे आणि त्यांची सून “ओ मामंजी, ओ मामंजी” करून त्यांना हलवायची. मी टेम्पोच्या मागच्या फळीला धरून बसले होते. पोरगी समोर, आईच्या शेजारी, पण दोघींच्या मध्ये हातभर जागा. एवढ्या गर्दीच्या टेम्पोत ती जागा कुणी भरली नाही.

दवाखान्यात डॉक्टर होत्या, तरुण, तेवढ्यात जेवायला बसलेल्या. डबा बाजूला सारून त्यांनी म्हातारबांना आधी आडवं केलं. नाडी, डोळे, पोट. मग मान वर न करता विचारलं, “काय खाल्लं? कशातून झालं?”

 आई खाली बघत होती. वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे. आता पोरगीच बोलणार हे मला दिसलं. तिचे ओठ हलले. “माजी चूक झाली” एवढं ती म्हणाली.

तेव्हा कुठं माझ्यातलं काहीतरी जागेवर आलं. मी उठले, तिच्या खांद्यावरचं दप्तर ओढून घेतलं, चेन उघडली. कागद प्रयोगवहीत नीट घडी घालून ठेवला होता. मी तो डॉक्टरांच्या नाही, तिच्या वडिलांच्या हातात दिला.

“हे मी लिहून दिलं होतं,” मी म्हणाले. “ताक पितळेत ठेव, कल्हई नसलेलं भांडं घे, रात्रभर ठेव. सगळं माझं आहे. झाल्यावर ओतून टाका, तोंडात घालू नका, हे लिहायचं मी विसरले. विसरले नाही, काढून टाकलं. जागा पुरेना म्हणून. तिनं फक्त लिहिलं होतं तसं केलं. खाचरावरच हे सांगायला हवं होतं. मी घाबरले.”

वडिलांनी कागद वाचला. एकेक ओळ, बोट ठेवून. माझं आयुष्यभराचं शिकवणं त्या बोटाखालून जात होतं. वाचून झाल्यावर त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

बोलली ती आई. रागानं नाही, खरंच तिला कळत नव्हतं म्हणून विचारलं. “मॅडम, पितळंत ताक कळकतं. ही काय शिकायची गोष्ट हाये व्हय? तुमच्या घरात पितळंची भांडी न्हवती का?”

होती. घंगाळ होतं, परात होती, दोन तपेली होती. दर दिवाळीच्या आधी कल्हईवाला भोंगवलीच्या पारावर भाता लावायचा आणि आई मला भांड्यांजवळ राखण बसवायची. एकदा मी चिंचेचं सार पितळेच्या पातेलीत काढलं, कल्हई उडालेल्या, तेव्हा आईनं हातावर फटका मारला होता. “कळकलं म्हणजे गेलं, गटारातच ओत,” म्हणाली होती. तो शब्द मला ठाऊक होता. नंतर मी बीएस्सी झाले, ताक कळकण्याला कॉपर लॅक्टेट म्हणायला शिकले आणि आईचा शब्द कुठंतरी मागं राहिला. हे सगळं मी त्या बाईला सांगू शकले नाही. नुसतं म्हणाले, “होती.”

“मग?” ती म्हणाली.



सात वाजेपर्यंत आम्ही तिथं बसलो. मीठ-साखरेचं पाणी, सलाईन, पुन्हा उलट्या. त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला लवकर बरं वाटलं आणि तो बिस्किटं मागायला लागला. बाईच्या पोटातल्या कळा संध्याकाळी थांबल्या. काकू झोपली. म्हातारबांची नाडी मात्र डॉक्टर दर थोड्या वेळानं पाहत होत्या, आणि त्या पाहायला लागल्या की खोलीतलं सगळं बोलणं बंद व्हायचं. अंधारायला लागलं तेव्हा म्हातारबांनी डोळे उघडले आणि विचारलं, “माजी पाळी उद्या हाये. लावनी हुनार का न्हाई?” त्यांच्या सुनेला रडू फुटलं. मलाही फुटलं. मी व्हरांड्यात जाऊन रडले, दप्तर अजून माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, कपाटात ठेवलं आणि म्हणाले, “गृहप्रयोग बंद. काय?” मी हो म्हटलं. मला राग आला नाही, आणि राग न येण्याची मला भीती वाटली. स्टाफरूममध्ये गणिताचे सर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पासलीची एसटी सकाळी येते. मी फाटकाशी उभी राहू लागले. पहिल्या दिवशी ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिथल्याच एका मुलाला विचारलं तर तो म्हणाला, सावड मोडली नाही, म्हातारबांच्या खाचरात सगळे गेले होते, हिचं घरही गेलं होतं. “आणि ती?” “ती बी लावतीया.” तिसऱ्या दिवशीही नाही. तिची बहीण अशीच एका लावणीला घरी राहिली होती आणि मग राहिलीच. हजेरीपटावर तिच्या रकान्यात मी तीन वेळा गैरहजर लिहिलं. त्या रात्री पासलीला जायचं ठरवलं आणि सकाळी गेले नाही. काय तोंडानं जाणार होते?

चौथ्या दिवशी ती उतरली. पायांची बोटं चिखलानं खाल्लेली, लावणीच्या दिवसांत होतात तशी. माझ्याकडे न बघता वर्गात गेली. पहिल्या तासाला टेबलाशी आली, वही उघडून ठेवली.

“पप्पा काय म्हणाले?” मी विचारलं.

“कागूद चार येळा वाचला. म्हनले, चूक लिवनाराची हाये, वाचनाराची न्हाई.” ती थांबली. “आई म्हनली, शाळंत जा. पन एका अटीवर. ती लिवलीय.”

मी वही पाहिली. सहावा प्रयोग तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिला होता. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणात चार माणसांच्या उलट्याही होत्या, कुणाला किती वाजता आणि किती वेळा. अनुमानात एकच ओळ होती: पितळेत ताक कळकते. कॉपर लॅक्टेट तिनं लिहिलं नव्हतं. आणि त्याखाली तिनं स्वतः पट्टीनं रेघ मारून सहावा मथळा घातला होता, जो मी काढून टाकला होता.

दक्षता.

एक, भांडे लहान घ्यावे, म्हणजे तळ झाकायला ताक जास्त लागत नाही. दोन, प्रयोगाचे ताक ओतून द्यावे, पाप लागत नाही. तीन, मॅडमनी लिहून दिले असले तरी आधी आईला दाखवावे.

तिसऱ्या ओळीपुढे वाकड्या अक्षरांत तिच्या आईची सही होती. सही शिकून फार दिवस झाले नसावेत, शेवटचं अक्षर ओळीखाली उतरलं होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्याला मार्क किती?”

आमच्या गुणांच्या तक्त्यात दक्षतेला गुण नाहीत. मी तिला तसं सांगितलं. मग वही बंद केली आणि विचारलं, “ही मी एक दिवस घरी नेऊ का? मला उतरवून घ्यायचंय.”